मदत हवी आहे: पाणी बदललं की चेरी श्रिंप मरतात

टाकी ६० लिटरची, झाडांची, चार महिने चालू. ८ निऑन टेट्रा, ५ गप्पी, १५ लाल चेरी श्रिंप (गोड्या पाण्यातली छोटी कोळंबी). टाकीच्या काठाला टांगायचा हँगऑन फिल्टर, तापमान २५ अंश. अमोनिया आणि नायट्राइट ०, नायट्रेट १५, पीएच ७.२, जीएच (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) ३, केएच (कार्बोनेटचं प्रमाण) २. दर आठवड्याला निम्मं पाणी काढून आरओचं भरतो. त्यानंतर दोन-तीन दिवसांत एखादी श्रिंप मरतेच, आणि मेलेलीच्या डोक्यामागे पांढरा पट्टा दिसतो. मासे ठणठणीत आहेत. गप्पी मारत असतील का? शिवाय माद्यांच्या पोटाखाली अंडी असतात, पण पिल्लं दिसत नाहीत.

उत्तर
गप्पींचा यात हात नाही. कात टाकताना कवच डोक्यामागे फक्त पाठीवर उघडतं आणि श्रिंप झटक्यात बाहेर पडते. पांढरा पट्टा म्हणजे कवच गोल फाटलंय आणि ती आतच अडकली आहे. आरओच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास नसतंच. निम्मं पाणी एकदम बदललं की क्षार धाडकन उतरतात आणि तयारी नसताना कात टाकली जाते.

श्रिंपसाठी मिळणारे जीएच-केएच वाढवणारे क्षार बादलीतच विरघळवा, थेट टाकीत नको. बादलीचा जीएच ८ करा आणि आठवड्यातून दोनदा ६-६ लिटरच बदला, तेही एअरच्या बारीक नळीने हळूहळू सोडून. पहिल्या आठवड्यात टाकीचा जीएच जेमतेम १ अंशाने चढेल, तेवढाच हवा. ६ झाला की आठवड्यातून एकदा पुरे. वाफ होऊन कमी झालेलं पाणी मात्र साध्या आरओनेच भरा, कारण क्षार उडून जात नाहीत.

पुन्हा प्रश्न
क्षारांऐवजी समुद्रफेन (कटलफिशचं हाड) टाकून चालेल?

उत्तर
नाही. ७.२ पीएचला तो फार सावकाश विरघळतो, आणि मॅग्नेशियम देत नाही म्हणावं तरी चालेल.

आणखी एक उत्तर
पिल्लांबद्दल: जन्मतः ती २ मिलिमीटरच्या आसपास असतात. गप्पी आणि निऑन दोघंही ती टिपतात, उरलेली फिल्टरच्या तोंडात ओढली जातात. त्या तोंडावर बारीक छिद्रांचा स्पंज आजच बसवा. तळाचा तिसरा भाग तरी जावा मॉसने (पाण्यात वाढणाऱ्या शेवाळाने) दाट भरा, विरळ जुड्यांचा उपयोग नाही. तरीही सगळी वाचणार नाहीत. पैदास हवी असेल तर वेगळी टाकीच लागेल.

तळाशी काही पडलेलं दिसलं तर नीट बघा. पारदर्शक आणि पोकळ असेल तर ती कात आहे, राहू द्या, श्रिंप ती खातात. अपारदर्शक गुलाबीसर असेल तर मेलेली आहे, लगेच काढा. आणि माशांना पांढऱ्या ठिपक्यांचं औषध द्यायची वेळ आली तर आधी लेबलवर कॉपर आहे का बघा, ते श्रिंपना घातक असतं. असेल तर मासे वेगळ्या भांड्यात काढून तिथेच द्या.