तंगडी बाहेरून काळी, हाडापाशी लाल

बेळगावात कोळशावरची कोंबडीची तंगडी बाहेरून करपते, हाडापाशी लाल राहते, असं का, असा एकाचा प्रश्न आहे. दोष बहुधा निखाऱ्याचा. कोळशावर पांढरी राख धरायच्या आत सळई ठेवली की गळणाऱ्या चरबीने भडका उडतो. दही-मसाला करपतो, पण आतपर्यंत धग पोचत नाही. आपल्याकडच्या पावसात तर कोळसा सर्द होतो, नुसता धूर करतो. तंगडीला हाडापर्यंत ३-४ चिरा हव्यातच.

मात्र फक्त लाल रंग बघून ताट परत पाठवू नका. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग शिजल्यावरही मांसात उतरतो. मांस हाडापासून सहज सुटतंय का, ते बघा. खात्रीचं माप एकच: आत ७४ अंश सेल्सिअस. कच्चं निघालं तर मंद निखाऱ्यावर झाकून परत भाजून मागा. त्यात संकोच नको.