'ऑफ' म्हणजे बंद ना, मग अलार्म 'वेंट ऑफ' म्हणजे वाजला कसा?

गजर५वाजता
परवा आमच्या लंडनच्या टीमचा मेसेज आला, 'फायर अलार्म वेंट ऑफ, वी आर आउटसाइड'. मला वाटलं अलार्म बंद पडलाय, मग हे सगळे बाहेर का उभेत, विचारलं तेव्हा कळलं की अलार्म वाजला म्हणून बिल्डिंग रिकामी केलीय. पंखा ऑफ, लाईट ऑफ हेच लहानपणापासून डोक्यात बसलंय. नुसतं पाठ करायचं नाहीये, यामागचं कारण कुणी सांगेल का?

रेघोट्या
'बंद' हा अर्थ जरा बाजूला ठेवा. ऑफचा मूळ अर्थ 'पासून दूर'. एक एफ असलेला 'चा-ची-चे' वाला शब्द आणि हा दोन एफवाला, जुन्या इंग्रजीत दोन्ही एकच होते, स्पेलिंग पक्कं वेगळं व्हायला १६०० साल उलटून जावं लागलं (आपण तर अजूनही दोन्हीला ऑफच म्हणतो).

आता मराठीतलं 'सुटणे' घ्या. बंदूक 'गोज ऑफ' म्हणजे गोळी सुटते. चावीच्या गजराच्या घड्याळात स्प्रिंग ताणून अडकवलेली असते, वेळ झाली की अडकण सुटते आणि हातोडी घंटेवर आपटायला लागते. विमान 'टेक ऑफ' घेतं म्हणजे जमीन सुटते. लाईट ऑफमध्ये पण संबंधच सुटतो, करंटशी. आणि आपलंच बघा ना, शाळा सुटली म्हणजे संपली, वारा सुटला म्हणजे सुरू झाला, एकच शब्द दोन्हीकडे, तरी आपलं कधी काही अडत नाही.

खडू_फळा
वरचं फार छान सांगितलंय, उद्या वर्गात हेच सांगणार. एक भर घालते, ब्रिटिश लोक दूध 'गॉन ऑफ' म्हणतात तेव्हा ते नासलेलं असतं, अमेरिकन तिथे बहुतेक 'गॉन बॅड' म्हणतील. आणि 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं, पण 'आय वॉज पुट ऑफ बाय द स्मेल' म्हटलं की वासाने मन उडालं. म्हणून मुलांना मी सुटा शब्द कधीच देत नाही, अख्खं वाक्य देते.

तिसरी_स्लिप
क्रिकेटचा ऑफ कसा विसरलात! घोड्यावर डावीकडून चढायचं म्हणून डावी बाजू 'नियर' आणि उजवी, लांबची, ती 'ऑफ'. इंग्लंडमध्ये गाडीच्या उजव्या बाजूला अजूनही ऑफसाइड म्हणतात. उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅट्समनची उजवी बाजू ऑफ, ती यावरूनच आली असं मानतात, म्हणजे इथेही बंद-चालूचा काही संबंध नाही, लांब एवढाच अर्थ. डावखुऱ्याला मात्र ऑफ डावीकडे जातो.

गजर५वाजता
सगळ्यांचे मनापासून आभार, 'सुटणे' वाचलं आणि लख्ख उजेड पडला. आता फक्त 'वेल ऑफ' राहिलं, पैसेवाल्या माणसाचं काय सुटलेलं असतं?