ड्रग्जच्या दुसऱ्या गुन्ह्याला फाशी: कलम ३१अ आज नेमके काय सांगते?

टिपणवही
अमली पदार्थांसह दुसऱ्यांदा सापडला की थेट फाशी, असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. उच्च न्यायालयाने ही तरतूद उडवली होती ना? आणि या कायद्याखाली कुणाला फासावर दिलेच नसेल, तर मानवी हक्क संघटना विरोध कशाला करतात?

साक्षीपुरावा
उडवली नाही, बोथट केली. एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात, ३१अ आले १९८९ मध्ये. तेव्हा न्यायाधीशाच्या हाती काहीच नव्हते. अटी जुळल्या की फाशी. इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्कने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. सोबत, २००८ मध्ये चरसच्या प्रकरणात मुंबईच्या विशेष न्यायालयाने फाशी सुनावलेल्या एका आरोपीची याचिका होती. १६ जून २०११ ला न्या. खानविलकर आणि न्या. भंगाळे यांनी सक्तीची फाशी राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ (जगण्याचा हक्क) च्या विरुद्ध ठरवली. मिठू खटल्यात (१९८३) सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपेच्या कैद्याने केलेल्या खुनासाठीची सक्तीची फाशी रद्द केली होती, तोच धागा. पण कलम तसेच ठेवून ‘दिली जाईल’ऐवजी ‘देता येईल’ असे वाचायला सांगितले. २०१४ च्या दुरुस्तीने तेच कायद्यात आले: फाशी, नाहीतर कलम ३१ ची दीडपट शिक्षा. व्यावसायिक मात्रेला (सरकारने ठरवलेल्या मोठ्या वजनाहून जास्त माल) एरवी १० ते २० वर्षे, म्हणजे इथे १५ ते ३०.

वजनकाटा
शिवाय ‘दुसऱ्यांदा सापडला’ हे चूकच. आधीच्या गुन्ह्यात दोष सिद्ध झालेला हवा, नुसती एफआयआर पुरत नाही. तोही व्यावसायिक मात्रेचा, किंवा कलम १९ (परवानाधारक शेतकऱ्याने अफू लंपास करणे), २४ (देशाबाहेरचा ड्रग्जव्यवहार), २७अ (धंद्याला पैसा पुरवणे, गुन्हेगाराला आसरा देणे) खालचा. नंतरच्या गुन्ह्यात एकतर ड्रग्जच्या धंद्याला पैसा पुरवलेला असावा, नाहीतर माल कलमातल्या तक्त्याइतका तरी असावा: हेरॉईन १ किलो, अफू १० किलो, कोकेन ५०० ग्रॅम, चरस २० किलो, मेथॅम्फेटामाइन दीड किलो. गांजा तक्त्यात नाहीच.

उलटतपासणी
विरोध कशाला, तर पहिली पायरी, म्हणजे आधीचा गुन्हा सिद्ध होणे, किती घसरडी आहे ते बघा. हेरॉईनची व्यावसायिक मात्रा २५० ग्रॅमच्या पुढे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या हिरा सिंग निकालानंतर भेसळीसकट सगळे वजन धरतात. २६० ग्रॅम गर्दमध्ये शुद्ध हेरॉईन जेमतेम ४ टक्के, म्हणजे १०.४ ग्रॅम असले, तरी प्रकरण व्यावसायिकच. त्यात कलम ३५ आणि ५४ मुळे माल जवळ मिळाला की आरोपीला माहीत होते असे गृहीत धरतात; उलटे सिद्ध करायचे त्याने. पंच फितूर झाला, नमुन्याच्या सीलवर शंका आली, कलम ५० नुसार राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा हक्क सांगितलाच नाही, असल्या गोष्टींवर हे खटले फिरतात. अशा पुराव्यावर फाशी उभी करू नये, हे त्यांचे म्हणणे. ड्रग्जच्या धंद्याला त्यांचा पाठिंबा नाही, हे वेगळे सांगायला लागावे हेच नवल.

नाकाबंदी
सरकारची बाजूही मांडा की. माल येतो तो एका बाजूला अफगाणिस्तानातून, दुसऱ्या बाजूला म्यानमारमधून. शिक्षेचा धाक नको?

उलटतपासणी
धाक बसायला पैसा लावणारा पकडला जायला हवा. गोणी वाहणारा सापडतो, कारण माल त्याच्याकडे असतो. पैसेवाल्याला गाठायला बँकेचे व्यवहार आणि फोनचा माग लागतो. तरी जुलै २०१८ मध्ये पंजाब मंत्रिमंडळाने ड्रग्ज विकणाऱ्यांना फाशीची शिफारस केंद्राकडे पाठवलीच. तीन वर्षांआधी विधी आयोगाच्या २६२ व्या अहवालाने दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध वगळता सगळीकडे फाशी बंद करा म्हटले होते. त्या अहवालाचे काय झाले ते दिसतेच आहे.

साक्षीपुरावा
प्रत्यक्ष फाशीचे म्हणाल, तर २००४ ते २०२० मध्ये देशात आठ जणांना फासावर दिले, त्यात अमली पदार्थांचा एकही नाही. मात्र सिंगापूरमध्ये १५ ग्रॅमहून अधिक शुद्ध हेरॉईनची तस्करी केली की फाशी. मलेशियाने सक्तीची फाशी २०२३ मध्ये काढली, ऐच्छिक अजून आहे.

टिपणवही
आधीची शिक्षा परदेशात झाली असेल तर?

वजनकाटा
३१अ(२) वाचा. तिथल्या सक्षम न्यायालयाने अशाच स्वरूपाच्या कायद्याखाली, व्यावसायिक मात्रेसाठी दोषी ठरवले असेल, तर ती शिक्षा इथल्या न्यायालयाने दिल्यासारखीच धरतात.