स्विचमध्ये एकच केस जुळते, मग तीन ओळी का छापल्या जातात?

परळकर:
लोकलचा मार्ग दिला की त्याचं दक्षिण टोकाचं स्थानक छापायचं, एवढंच काम आहे. भाषा जावा, मार्ग स्ट्रिंगमध्ये (म्हणजे मजकुरात), त्यावर स्विच, म्हणजे किंमत बघून जुळणारी 'केस' निवडणारी रचना. केसचा क्रम पश्चिम, मध्य, हार्बर. 'हार्बर' दिलं की सीएसएमटी येतं, बरोबर. 'मध्य'ला सीएसएमटी दोनदा. 'पश्चिम'ला चर्चगेट आणि खाली दोनदा सीएसएमटी! पुढे अंतरावरून भाड्याचा टप्पाही स्विचनेच काढायचा आहे. जमेल ना?

कुर्ला_लूप:
ब्रेक, म्हणजे स्विचमधून बाहेर पडायची आज्ञा, राहिलेत. तीन, दोन, एक ही उतरंडच ते सांगते. स्विच जुळणाऱ्या केसवर उडी मारतो आणि तिथून ब्रेक किंवा रिटर्न लागेपर्यंत खालचं सगळं चालवत सुटतो. मधली केसची लेबलं त्याला अडवत नाहीत. यालाच फॉलथ्रू म्हणतात.

चर्चगेटच्या ओळीखाली ब्रेक घाला. मध्य आणि हार्बरचं उत्तर एकच आहे, म्हणून 'मध्य'ची केस रिकामी सोडा, लगेच खाली 'हार्बर'ची, मग सीएसएमटी एकदाच छापून ब्रेक. इथे फॉलथ्रू हवाच आहे. डिफॉल्टही (कुठलीच केस जुळली नाही तर चालणारा भाग) लिहा, नाहीतर कुणी 'पश्चीम' टाइप केलं की काहीच छापलं जाणार नाही, एररही नाही. आणि मार्ग नल (म्हणजे किंमतच नाही) असेल तर गाडी डिफॉल्टपर्यंतही पोचत नाही, थेट नल पॉइंटर एक्सेप्शन ही एरर. ती तपासणी स्विचच्या आधी.

जावासीला, म्हणजे जावाच्या कंपायलरला, एक्सलिंट-फॉलथ्रू हा पर्याय दिलात तर विसरलेला ब्रेक वॉर्निंगमध्ये दिसतो. रिकाम्या केसबद्दल तो तक्रार करत नाही.

मुलुंड_पूर्व:
भाड्याला इफ-एल्सच. केसला ठरावीक किंमत लागते, '१० किलोमीटरच्या आत' अशी पट्टी नाही. टप्पे लहानापासून चढते लावा. १५ च्या आतली अट ५ च्या आधी आली, तर ३ किलोमीटरवालाही १५ चंच भाडं भरेल.

सायन_सर्कल:
जावा १४ किंवा पुढचं असेल तर बाणाची पद्धत वापरा: एकाच केसमध्ये "मध्य", "हार्बर" स्वल्पविरामाने, पुढे बाण, पुढे स्थानक. ब्रेकची भानगडच नाही. स्ट्रिंगऐवजी ईनम (ठरावीक नावांचीच यादी असलेला प्रकार) घेऊन स्विचचं उत्तर थेट व्हेरिएबलमध्ये घेतलंत तर आणखी बरं. मग उद्या 'उरण' जोडला आणि त्याची केस राहिली, तर कोड कंपाइलच होणार नाही. मात्र तिथे डिफॉल्ट लिहू नका, लिहिलंत की ही राखण गेली.

परळकर:
ब्रेक घातले, 'मध्य'ची केस रिकामी केली. तिन्ही मार्गांना एकेकच ओळ येतेय. सर्वांचे आभार!