अनुभव धागा : अ‍ॅसगार्ड जळताना कोण हसलं?

मंडळी, या धाग्याचं मूळ माझ्या धाकट्या भावाशी २०१७ पासून चाललेल्या वादात आहे.

'थॉर: रॅग्नारॉक' आम्ही दोघांनी त्या नोव्हेंबरात पुण्यात एकत्र पाहिला. शेवटी विजेचा देव थॉर याच्या डोळ्यांदेखत त्याचं राज्य अ‍ॅसगार्ड जळतं. वाचलेली माणसं जहाजाच्या काचेपाशी मुकाट उभी आहेत, आणि कॉर्ग नावाचा दगडी गडी दिलासा देतो की पाया शाबूत आहे ना, मग परत उभं करू. तेवढ्यात सगळंच फुटतं. आता पायाही गेला, सॉरी, म्हणतो. थिएटर हसलं, भाऊ खो खो हसला. मला आवंढा गिळावा लागला.

आमच्या आजीचं गाव उजनी धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर वर येतं. लहानपणी ती आम्हाला काठावर उभं करून बोटाने दाखवायची : त्या शिखराच्या इकडे चार शेतं सोडून आपली विहीर, विहिरीच्या अंगाला चिंच. बोटाच्या टोकाला नुसतं पाणी असायचं. तरी ती बोट हलवत हलवत अख्खी वाट चालून दाखवायची, वळण आलं की बोट वळायचं. ती स्वतः त्यावर हसायचीही. "माझं जातं माशांना दिलं," म्हणायची. पण ते तिनं म्हणायचं. बाहेरच्या कुणी म्हटलं असतं तर तिनं ऐकून घेतलं नसतं. कॉर्ग अ‍ॅसगार्डचा नव्हे, तो वाटेत भेटलेला. माझी तक्रार एवढीच, की ज्याचं घर जळत नाही त्याच्या तोंडी तो विनोद का दिला, आणि राख खाली बसायच्या आत का दिला?

भावाचं म्हणणं, विनोद नसता तर तो शेवट त्याला झेपलाच नसता.

तर दोन गोष्टी लिहा. सुपरहिरोपटातला असा कोणता विनोद तुमच्या आत कुठेतरी लागला, चांगला किंवा वाईट? आणि ही कथानकं पुढे कुठे जावीत असं वाटतं? चित्रपट कोणत्या कंपनीचा, मार्व्हलचा की डीसीचा, हा मुद्दा नाही.

* * *

मी कोल्हापूरची. २०१९, 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम', गच्च भरलेलं थिएटर. थॉर पोट सुटलेला, दाढी वाढलेली, हातात बिअर असा समोर येतो आणि हशा उसळतो. त्या वर्षी मी नोकरी सोडून घरी बसले होते. आठ महिन्यांत अठरा किलो वाढले होते आणि मैत्रिणींनी ओढून नेलं म्हणूनच गेले होते. माझ्या शेजारची माझ्याकडे न बघता हसत होती. वाईट हेतू नव्हता तिचा, पण मी ओढणी पोटावर ओढून घेतली ते आठवतंय.

पुढे तो भूतकाळात जातो आणि आईसमोर उभा राहतो. ती त्याच्या पोटाबद्दल चकार शब्द काढत नाही. निघताना सॅलड खा एवढं म्हणते, आणि ते अगदी आईचं वाक्य आहे. मग तो हात पुढे करतो, फक्त लायक माणसाच्याच हाती येणारा तो हातोडा येतो, आणि आपण अजून लायक आहोत हे कळून त्याचा चेहरा फुटतो. मी त्या अंधारात मनसोक्त रडले.

म्हणून माझं मत दुभंगलेलं आहे. त्यांनी त्याला शेवटपर्यंत बारीक केलं नाही. तो त्याच देहाने शेवटच्या लढाईत उतरला, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पण आईचा प्रसंग झाल्यावरही पोटावरचे टोमणे थांबले नाहीत, ते मला आजही पटत नाही. एकदा त्याचं दुःख दाखवलंत ना? मग तिथून पुढे हसायला लावू नका.

* * *

धागाकर्त्याला एक सांगायचं आहे. कॉर्गला आवाज दिग्दर्शक ताइका वैतितीचाच आहे. तो न्यूझीलंडचा, वडिलांकडून माओरी. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यापैकीच तो एक. पाया गेल्यावर सॉरी म्हणणारा तो दगड मला उपरा वाटत नाही. तुमच्या आजीच्या जात्यासारखंच वाटतं मला ते वाक्य. मी ऑकलंडला सहा वर्षं आहे. इथे एका माओरी सहकाऱ्याच्या घरी मयताला गेले होते. रडणं आणि हसणं एकाच खोलीत, एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं. आपल्याकडे दहाव्याला, पिंडाला कावळा शिवेना की कुणीतरी गेलेल्याच्या हट्टीपणाची आठवण काढतं आणि सगळे ओल्या डोळ्यांनी हसतात, तसंच.

* * *

मुक्काम पोस्ट कुडाळ तालुका. आमच्याकडे जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहतो. लिहिलेली संहिता नसते. कथानक आधी ठरतं, संवाद नट उभ्या उभ्या घालतो. आडदशावतारात, म्हणजे सुरुवातीच्या भागात, काळ्या वेषाचा, लाल जिभेचा संकासूर येतो आणि वेद चोरणारा तो राक्षस भटजीची अशी फिरकी घेतो की पोरं लोळतात. पण विष्णू आला की मृदुंगाची चाल बदलते. त्यानंतर संकासूर कितीही रंगात असला तरी त्याला आवरतं घ्यावंच लागतं. एकदा एक नवखा नट हशा मिळतोय म्हणून लांबवत बसला, तेव्हा पुढ्यात बसलेले आजोबा मोठ्याने म्हणाले, "पुरे झाला, आता देवाक येवक दी."

हे इथे लिहिण्याचं कारण २००८ चा पहिला 'आयर्न मॅन'. त्याचीही पटकथा चित्रीकरण सुरू झालं तेव्हा पुरी नव्हती, कितीतरी संवाद सेटवर तयार झाले. रॉबर्ट डाउनी ज्युनियरचं "मी आयर्न मॅन आहे" हे शेवटचं वाक्यही आयत्या वेळचं. म्हणून तो विनोद जिवंत वाटतो. तो नटाच्या श्वासातून आलेला आहे. पुढे सगळ्यांच्याच तोंडी टोनीची, म्हणजे या आयर्न मॅनची, जीभ आली. डॉक्टर स्ट्रेंजही तसाच बोलतो, अँटमॅनही तसाच. आमच्या दशावतारात संकासुराची भाषा विष्णूच्या तोंडी आली तर रात्र तिथेच संपेल. पुढच्या चित्रपटांकडून मला एवढंच हवंय : ज्याची त्याची जीभ ज्याला त्याला परत द्या.

* * *

नाशिक. आई केमोला जायची तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या काकूंना सलाइनच्या स्टँडवरून चिडवायची, "आमची वरात निघाली." 'थॉर: लव्ह अँड थंडर'मधली जेन, थॉरची कॅन्सर झालेली जुनी प्रेयसी, केमोच्या खुर्चीत बसून शेजाऱ्याला पुस्तकाचं पान दुमडून अंतराळातला बोगदा समजावते, तेव्हा मला आईच दिसली. नंतर ती स्वतःसाठी झकास आरोळी शोधत राहते, तेही खरं वाटलं. आजारी माणसं असं करतात. किंचाळणारे बोकड मात्र कशासाठी होते? पहिल्यांदा हसले, चौथ्यांदा वाटलं की जेनच्या वाट्याची मिनिटं हे खाताहेत.

* * *

नागपूर. मी दुसऱ्या घरचा, डीसीच्या बॅटमॅन-सुपरमॅनवाला. आमच्याकडे २०१६ पर्यंत 'तुमच्यात कुणी हसतच नाही' हे टोमणे ऐकून घ्यायचे दिवस होते. मग २०१७ चा 'जस्टिस लीग' आला. दिग्दर्शक झॅक स्नायडरची मुलगी वारली, तो बाजूला झाला, जॉस व्हीडनकडे काम गेलं आणि पुनर्चित्रीकरणात विनोद भरला गेला. ते थिएटरमध्ये बघताना मला लाज वाटत होती. अ‍ॅक्वामॅन सत्य बोलायला लावणाऱ्या दोरावर चुकून बसतो आणि मनातलं बडबडतो. फ्लॅश वंडर वुमनच्या अंगावर पडतो. कुणीतरी वरून सांगितलंय, दर दहा मिनिटांनी हसवा, असं जाणवत होतं.

मार्च २०२१ मध्ये स्नायडरची चार तासांची मूळ आवृत्ती आली. मी आणि माझ्या रूममेटने ती एका बैठकीत पाहिली, मधे फक्त पोहे करायला उठलो. तो दोर नाही, ते पडणं नाही. पण फ्लॅश तिथेही हसवतो! लोक हे विसरतात. फरक असा की शेवटी तोच पोरगा काळाच्या उलट धावतो, वडिलांशी मनात बोलत धावतो, आणि त्याच्या बडबडीखाली काय दडलं होतं ते कळतं. शेवटी पडद्यावर 'ऑटमसाठी' अशी अर्पणपत्रिका येते. ऑटम म्हणजे स्नायडरची ती मुलगी. आम्ही दोघंही बराच वेळ उठलो नाही.

जुलै २०२५ च्या जेम्स गनच्या 'सुपरमॅन'वर आमच्यात उभी फूट आहे. क्रिप्टो कुत्रा मालकालाच बर्फात फरफटत नेतो, हे काहींना सहन झालं नाही. मला झालं. कारण हा सुपरमॅन लढाईच्या मधे खारीलाही वाचवतो, आणि चित्रपट त्याच्या त्या चांगुलपणाला हसत नाही. पुढचा 'मॅन ऑफ टुमारो' जुलै २०२७ साठी जाहीर झालाय. त्यात हे टिकावं.

* * *

परभणीहून, शिक्षक. नव्वदच्या दशकात आमच्या पिढीला 'शक्तिमान' मालिकेतला पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री मिळाला. पुढे आलेले दात, चष्मा, घाबरटपणा. सगळा विनोद त्याच्या वाट्याला, आणि शक्तिमान झाला की विनोद बंद. दोघांच्या मधली ती रेघ आम्हा पोरांना न शिकवता कळायची.

* * *

मी चित्रपट-मालिकांची उपशीर्षकं लिहिते, मुंबईत. विनोद म्हणजे आमच्या कामातला सगळ्यात अवघड तुकडा. पडद्यावर दोन ओळी, त्याही दोन-तीन सेकंद. नट बोलायच्या आधी वाचून झाली तर गंमत फुटते, नंतर आली तर मेली. सुपरहिरोपटातले निम्मे विनोद कुठल्या तरी अमेरिकी गाण्यावर किंवा मालिकेवर उभे असतात. ते इथे आणायचे म्हणजे झाड मुळासकट उपटून आणण्यासारखं.

म्हणून २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'ची गोष्ट माझ्यासाठी वेगळी. भारतात तो इंग्रजीखेरीज नऊ भारतीय भाषांत आला, त्यात मराठीही होती. आम्हाला इंग्रजी खेळाची तिकिटं मिळाली. मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र करून केलेलं मुंबॅटन, त्यात तिथला स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर. नायक माइल्स, न्यूयॉर्कचा स्पायडरमॅन, 'चाय टी' म्हणतो आणि पवित्र उखडतो : चाय म्हणजेच टी! तू टी टी म्हणतोयस! नऊ वर्षांची लेक खुर्चीवर उभीच राहिली. पुढे तो शहर दाखवताना म्हणतो, इथे ट्रॅफिक, इथेही ट्रॅफिक, आणि इथे ब्रिटिशांनी आमचा माल चोरला. या विनोदाला भाषांतर लागलंच नाही. पहिल्यांदाच विनोदाचं मूळ आमच्या अंगणात होतं.

आणि गंमत करून ते थांबले नाहीत. थोड्याच वेळात त्याच शहरात पूल कोसळतो, पवित्रच्या मैत्रिणीचे पोलीस वडील मरायचे असतात, माइल्स त्यांना वाचवतो आणि त्यामुळे मुंबॅटनच्या पोटात भगदाड पडतं. हसवलेल्या जागेचीच काळजी वाटायला लावली. कथा मात्र ऐन मध्यावर तुटली. पुढचा भाग २०२७ मध्ये. लेक तेव्हा तेरा वर्षांची असेल. पवित्रच्या शहराचं काय झालं हे ती अजून विचारते. पुढच्या भागात त्याचं ओझरतं दर्शन नको, त्याला त्याचं दुःख आणि त्याचा निर्णय मिळू दे.

* * *

डोंबिवली. आमचा सकाळच्या लोकलमधला पाच जणांचा ग्रुप आहे, 'इन्फिनिटी वॉर'पासूनचा. भविष्याबद्दल विचारताय म्हणून लिहितो. 'लोकी' मालिकेच्या पहिल्या पर्वानंतर आम्ही कँग या खलनायकावर दोन वर्षं घालवली. कोणता अवतार कुठून येणार याचे तक्ते होते आमच्याकडे. मग डिसेंबर २०२३ मध्ये कँग करणाऱ्या जोनाथन मेजर्सला न्यायालयाने दोषी ठरवलं, मार्व्हलने त्याला काढलं, आणि 'कँग डायनॅस्टी' नावाचा चित्रपट 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे' झाला. जुलै २०२४ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन मेळाव्यात मंचावर नव्या खलनायकाचा मुखवटा निघाला तर आत डाउनी, आपला आयर्न मॅनच. डॉक्टर डूम!

आमच्यातले तिघं गाडीत नाचले. मी नाही. 'एंडगेम'मध्ये टोनी मरतो तेव्हा त्याच्या चितेसमोर, म्हणजे त्या तळ्यात सोडलेल्या फुलांसमोर, मी माझ्या बाबांसाठी रडलो होतो. ते 'एंडगेम'च्या दोन महिने आधी गेले. तो चेहरा परत आला की माझं ते रडणं कुणीतरी परत मागतंय असं वाटतं. मित्र म्हणतो, चेहरा तोच आणि माणूस परका, हेच तर भयंकर असेल, टोनीला गुरू मानणाऱ्या पीटरने, म्हणजे स्पायडरमॅनने, त्या चेहऱ्याकडे बघायचं कसं? हा मुद्दा मला निरुत्तर करतो. मार्च २०२५ मध्ये पाच तासांहून जास्त वेळ 'डूम्सडे'मधल्या नटांची खुर्च्यांवरची नावं थेट प्रक्षेपणात एकेक करून दाखवत होते, तेव्हा आम्ही पाचही जण आपापल्या घरून रात्री उशिरापर्यंत फोनवर होतो. शेवटी डाउनी स्वतः येऊन बसला.

माझी मागणी एकच. डूमने टोनीसारखी चुटकेबाजी करायची नाही. एकदाही नाही. १८ डिसेंबर २०२६ ही जाहीर तारीख आहे, आम्ही पाचही जण रजा टाकणार आहोत.

* * *

धागाकर्ता परत. ऑकलंडच्या ताईंचा प्रतिसाद वाचून काल भावाला फोन केला. कॉर्गच्या आवाजाचं त्याला माहीत होतं, म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का?" नसतं ऐकलं.

मग तो प्रसंग पुन्हा लावला. या वेळी कॉर्गकडे पाहिलंच नाही, मागच्या गर्दीकडे पाहिलं. आजीला तो चित्रपट कधी दाखवला नाही, आता ती नाही. पण पुढची गोष्ट तिच्या ओळखीची निघाली असती. 'इन्फिनिटी वॉर'च्या सुरुवातीलाच त्या जहाजातली निम्मी माणसं मारली जातात, उरलेली नॉर्वेच्या किनाऱ्यावर मासेमारी करत राहतात, आणि 'लव्ह अँड थंडर'पर्यंत त्या वस्तीत बोटी भरून पर्यटक येऊ लागतात. आजीच्या शिवारावरून आता भिगवणकडे रोहित पक्षी बघायला होड्या जातात. मीही एकदा गेलो होतो. नावाडी म्हणाला, "खाली गाव आहे, साहेब." मी म्हटलं, माहीत आहे. त्यानं वल्हं थांबवलं आणि विचारलं, कोणत्या घरचे?

पुढच्या चित्रपटांत मला त्या वस्तीतलं एक तरी माणूस बोलताना हवंय. विनोद केला तरी चालेल, त्यानं केलेला असावा. अजून अनुभव येऊ द्या.