रि: दिवाळी अंक, ‘माझी शाळा’ – धोबीतलावचं सेंट झेवियर्स हायस्कूल

प्रेषक: अंक समिती

नमस्कार मंडळी,

‘माझी शाळा’ सदरासाठी बालमोहन, किंग जॉर्ज आणि नूतन मराठीवर लेख आले आहेत. मिशनरी शाळेवर मात्र एकही नाही. आपल्यातले कितीतरी जण फादर-सिस्टरांच्या हाताखाली शिकलेत, म्हणून हे पत्र.

आणखी एक. सचिन-कांबळीच्या शालेय सामन्यातल्या ६६४ धावांच्या भागीदारीवर छान लेख आलाय, पण त्यात समोरच्या शाळेचं नावच नाही, नुसतं ‘प्रतिस्पर्धी संघ’ आहे. ती शाळा म्हणजे धोबीतलावची सेंट झेवियर्स. तिथलं कोणी असेल तर जरूर लिहा.

प्रेषक: ठाकुरद्वारचा झेवियरकर

समितीस नमस्कार,

मी तिथला. आमची १९७५ ची बॅच, म्हणजे दहावीच्या एसएससीची पहिली. त्याच वर्षी जुनी अकरावीवालेही परीक्षेला बसले होते. कॉलेजप्रवेशाच्या रांगेत दोन बॅचची मुलं एकदम उभी राहिली, त्या धास्तीत आमचं शेवटचं वर्ष गेलं.

घर ठाकुरद्वारला. चिराबाजारातून सरळ चालत आलं की धोबीतलाव. आमच्या चाळीतली बहुतेक मुलं मराठी माध्यमात होती. वडिलांनी मला झेवियर्समध्ये घातलं तेव्हा आजी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलली नाही. पोरगा बाटेल ही तिची भीती. ती भीती कशी गेली ते सांगतो. धर्मशिक्षणाच्या तासाला वर्गाचे दोन भाग व्हायचे. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला जात आणि आम्ही हिंदू, पारशी, मुसलमान, जैन सगळे मॉरल सायन्सला. तिथे खरं बोलणं, कॉपी न करणं, घरच्या नोकरमाणसाशी कसं वागावं, असल्या गोष्टी चालत. मी घरी येऊन ते सगळं आजीला सांगायचो. एकदा ऐकता ऐकता ती म्हणाली, “हे तर आपल्या कीर्तनातलंच आहे की.” त्यानंतर तिने शाळेला कधी नावं ठेवली नाहीत.

शाळेची एक वस्तू मी अजून जपून ठेवली आहे. आम्ही तिला ‘कॅलेंडर’ म्हणायचो. भिंतीवरचं नव्हे, खिशात मावेल असं छोटं पुस्तक. त्यात शाळेचे नियम, सुट्ट्या, प्रार्थना आणि मागे ‘रिमार्क्स’ची पानं. उशीर झाला, गृहपाठ राहिला, वर्गात बोललास, की तारीख घालून सरांची एक ओळ, आणि दुसऱ्या दिवशी त्याखाली वडिलांची सही. माझ्या सातवीच्या कॅलेंडरात ‘टॉकिंग इन क्लास’ इतक्या वेळा आहे की वडिलांच्या सह्या पुढे पुढे आखूड होत गेलेल्या दिसतात. मार बसायचा तोही खाल्ला, पण त्या पुस्तकाचा धाक जास्त.

मैदान म्हणाल तर आझाद आणि क्रॉस मैदान दोन्ही हाकेच्या अंतरावर. हातात पैसे असले की मेट्रो सिनेमासमोर कयानी या इराणी हॉटेलात ब्रून मस्का, म्हणजे कडक पाव आणि लोणी. वर्गातली गोव्याची मुलं मला शेजारच्या कुडात घेऊन जात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: गोव्याच्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी चालवलेली राहण्याची जागा म्हणजे कूड. जेर महालमध्ये अशी कितीतरी होती. बोटीवर नोकरी धरणारे खलाशी तिथे बोट मिळेपर्यंत राहायचे. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका, मध्ये वेदी, आणि संध्याकाळी सगळ्यांची मिळून कोंकणीत रोजारची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना. गिरगावातल्या गणपतीच्या आरतीला हीच मुलं आमच्याकडे येत. ही देवाणघेवाण मला त्या शाळेने दिली, आणि लेख लिहायचा तर मी याच्यावरच लिहीन.

प्रेषक: वांद्र्याची ताई

काका, फार छान. आजीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

माझे आजोबा तिथलेच, म्हणून थोडा इतिहास जोडते. शाळा १८६९ ची, जर्मन जेझुइट (कॅथलिक चर्चमधला एक धर्मसंघ) फादरांनी काढलेली. सेंट झेवियर्स कॉलेजही त्याच वर्षीचं. मॅट्रिक झालेल्या मूठभर मुलांसाठी वर्ग काढले आणि त्याचं कॉलेज झालं. लोकांना कॉलेज ठाऊक असतं, शाळा मागे राहते, याचं आजोबांना वाईट वाटायचं.

पहिल्या महायुद्धात हे फादर ब्रिटिशांच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. काहींना नजरकैदेत ठेवलं, बऱ्याच जणांना मायदेशी पाठवलं. ज्या माणसांनी शाळा उभी केली त्यांना असं उचलून नेल्यावर ती चालवायची कोणी, हा प्रश्नच होता. पुढे १९२० च्या दशकात मुंबईचं मिशन स्पॅनिश जेझुइटांकडे आलं. इतिहास संशोधक फादर हेरास त्याच सुमाराला, १९२२ मध्ये, कॉलेजात आले. आजोबा त्या स्पॅनिश फादरांच्या पहिल्या काळातले विद्यार्थी. शाळेला ३ डिसेंबरला, संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला सुट्टी असायची. त्या दिवशी त्यांचे गोव्याचे मित्र जुन्या गोव्याच्या फेस्ताच्या गोष्टी सांगायचे, त्या आजोबांना शेवटपर्यंत पाठ होत्या.

आणि हो, सुनील गावसकर या शाळेचे! ताडदेवच्या चिखलवाडीतला मुलगा, १९६६ मध्ये देशातला सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू ठरला तो झेवियर्सची टोपी घालूनच.

प्रेषक: ठाकुरद्वारचा झेवियरकर

ताई, गावसकर आम्हाला शाळेत रोज ऐकवले जायचे! १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये त्यांनी ७७४ धावा काढल्या तेव्हा आम्ही खालच्या वर्गात होतो.

पण मला बोलायचंय ते फेब्रुवारी १९८८ बद्दल. हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेची उपांत्य फेरी, आझाद मैदान. सचिन-कांबळीच्या शाळेचे, शारदाश्रमचे, दोन गडी बाद झाले आणि पुढे एकही नाही. विनोद नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६, डाव २ बाद ७४८ वर घोषित. हे सगळ्यांना पाठ आहे. आता दुसरी बाजू बघा. सोळा वर्षांखालची अकरा पोरं पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंत उन्हात चेंडू आणत होती. आझाद मैदानात एकमेकांत घुसलेली मैदानं, सीमारेषा पार झाली की दुसऱ्याच्या सामन्यातून चेंडू शोधून आणायचा. तरी कोणी मैदान सोडलं नाही, की सामना अर्धवट टाकला नाही. गोलंदाजांत साईराज बहुतुले होता. त्याला त्या दिवशी एकही बळी मिळाला नाही. तोच मुलगा पुढे मुंबईचा भरवशाचा लेगस्पिनर झाला, रणजीत वर्षानुवर्षं बळी घेत राहिला आणि २००१ मध्ये भारताकडून कसोटी खेळला.

झेवियर्सचा डाव १४५ वर आटोपला, त्यात कांबळीनेच सहा बळी घेतले. तरीही माझं मत असं, की त्या विक्रमात त्या अकरा जणांचा वाटा आहे. हरणाऱ्या बाजूने शेवटच्या चेंडूपर्यंत खेळायचं हे मैदानावर शिकवलं जातं, आणि आमच्याकडे ते शिकवायचे. अंकात शाळेचं नाव यायलाच हवं. शक्य असेल तर बहुतुलेचंही.

प्रेषक: अंक समिती

काका, ताई, आभार. ६६४ च्या लेखकांशी बोललो, त्यांनी लगेच मानलं. शाळेचं नाव, बहुतुले आणि १४५ तिन्ही घालतोय.

काका, तुमचा लेख आजी आणि कूड यांच्यावरच घ्या, क्रिकेट त्या दुसऱ्या लेखात राहू दे. ताई, इतिहासाची चौकट तुम्ही लिहा, दीडशे शब्द पुरेत. काका, सातवीच्या कॅलेंडरातल्या रिमार्क्सच्या पानाचा फोटो मिळाला तर लेखाच्या वरच छापू. वडिलांच्या सह्या स्पष्ट दिसतील असा काढा. रविवारपर्यंत पाठवा.