मदत हवी आहे: वस्तीमागे कुत्र्यांच्या झुंजी लावतात, पोलीस एनसी लिहून परत पाठवतात

रानवारा:
नमस्कार. आमच्या वस्तीमागच्या मळ्यात दर रविवारी रात्री कुत्र्यांच्या झुंजी लावतात. पैजा लागतात. ओरडणं आमच्या अंगणापर्यंत येतं. ठाण्यात गेले तर ठाणे अंमलदारांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत) लिहून कागद हातात दिला, "अदखलपात्र आहे, कोर्टात जा" म्हणाले. आता कुणाकडे जायचं? लवकर सांगा. "दुर्लक्ष करा" एवढं कृपया कुणी सांगू नका.

सह्यकडा:
कुठला तालुका? मळा कुणाचा? तुम्ही स्वतः पाहिलंय की नुसतं ऐकलंय? व्हिडिओ आहे का?

तात्या_हडपसर:
पिटबुल असणार. केंद्राने २०२४ मध्ये २३ जातींवर बंदी घातली आहे. ते परिपत्रक पोलिसांच्या टेबलावर ठेवा.

वकीलबाई:
तात्या, १२ मार्च २०२४ चं ते परिपत्रक दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये रद्द केलं. ते घेऊन गेल्या तर पहिल्याच मिनिटाला परत पाठवतील. आणि जात कुठलीही असो, झुंज लावणं गुन्हाच आहे. रानवारा, आत जायला पैसे घेतात का?

रानवारा:
तालुका इथे लिहिणार नाही, मालक ओळखेल. गेटवर २०० रुपये घेतात, त्याशिवाय आत सोडत नाहीत. माझा भाऊ आत जाऊन आलाय. पण पैशांचं का विचारताय? प्रश्न कुत्र्यांचा आहे.

वकीलबाई:
कारण सगळं तिथेच अडलंय. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०. करमणुकीसाठी प्राण्यांना एकमेकांवर सोडणं हे कलम ११(१)(एम), ते अदखलपात्र. पण झुंजीसाठी जागा चालवणं किंवा तिथे प्रवेशाचे पैसे घेणं हे ११(१)(एन), आणि कलम ३१ प्रमाणे ते दखलपात्र आहे. तुम्ही नुसतं "झुंजी लावतात" म्हणालात, त्यांनी एनसी लिहिली. तक्रारीत गेट, २०० रुपये, पैजा हे सगळं लिहा, भावाचं नाव साक्षीदार म्हणून द्या. सोबत महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याचं कलम १२ लिहा. लोकांना जाता येईल अशा जागी पक्षी किंवा जनावरांची झुंज लावणाऱ्याला आणि तिथे हजर राहून मदत करणाऱ्यालाही पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात.

सह्यकडा:
आणि शिक्षा किती? पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड! गेटवरच्या एका माणसाच्या पैशात चार जणांचा दंड भागतो. त्यापेक्षा रील टाका, चॅनेलवाल्यांना बोलवा.

वकीलबाई:
दंड लाजिरवाणा आहे, मान्य. पण रील टाकली की रविवारच्या आत जागा बदलते आणि कुत्री गायब होतात. गुन्हा सिद्ध झाला तर कलम २९ खाली मालकाकडून जनावर काढून घेता येतं. मला तेच हवंय.

बैलप्रेमी_जुन्नर:
बैलगाडा शर्यती कायदेशीर झाल्या, मग गावकऱ्यांच्या बाकी खेळांवरच डोळा का?

वकीलबाई:
शर्यतींसाठी राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, ती सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरवली. कुत्र्यांच्या झुंजींसाठी अशी कुठलीही सूट नाही. शर्यतीचा वाद दुसऱ्या धाग्यावर घ्या.

तात्या_हडपसर:
सोडवून तरी काय करणार? अशी कुत्री माणसाळत नाहीत, शेवटी मारावीच लागतात.

व्हर्जिनियाकर:
तात्या, हे मी इथे राहून खोडतो. २००७ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू मायकेल व्हिकच्या झुंजीच्या अड्ड्यावरून जवळपास ५० कुत्री सोडवली. व्हिकला २३ महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हाही "मारून टाका" म्हणणारे होते. प्रत्येक कुत्र्याची वेगळी तपासणी झाली, बहुतेक वाचली, कित्येक घरांत रुळली.

रानवारा:
मारायचं कसलं बोलता? एक आमच्या गोठ्यात आहे. हरला म्हणून काल रात्री ओढ्यात टाकून गेले. मानेवर, पुढच्या पायांवर दातांची भोकं आहेत, एक कान फाटलाय. हळद भरलीय. पाणी पितो, उठत नाही.

गुरांचा_डॉक्टर:
ताई, हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं! आणखी हळद भरू नका. भोक बाहेरून छोटं दिसतं, पण हिसके बसल्यामुळे आत कातडी मांसापासून सुटलेली असते, पू तिथेच साठतो. कुणाकडूनही टाके घालून जखम बंद करून घेऊ नका. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवा. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या अजिबात नकोत. ओठ उचलून हिरड्या पाहा. पांढऱ्या दिसल्या तर शॉक आहे, म्हणजे रक्ताभिसरण कोसळतंय, सलाईन लागेल, घरी होणार नाही. तुम्हाला तो चावलाय का, किंवा हाताच्या खरचटल्यावर लाळ लागलीय का? तसं असेल तर साबण लावून १५ मिनिटं धुवा आणि आजच रेबीजची लस सुरू करा.

रानवारा:
हिरड्या फिकट आहेत. चावला नाही, पण माझं बोट विळ्याने कापलेलं होतं. टेम्पो सांगितलाय.

गुरांचा_डॉक्टर:
म्हणजे तुम्हालाही लस घ्यायचीच आहे. त्याला चादरीवर सरकवून उचला, दुखलं की गरीब कुत्रंही चावतं, तोंडाजवळ हात नेऊ नका. जखमांचे फोटो आत्ताच काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. दवाखान्यात दाखला मागा, त्यात "इतर कुत्र्यांच्या चाव्यांच्या जखमा" आणि त्या कुठे कुठे आहेत ते लिहून घ्या.

वकीलबाई:
दाखला हातात आला की तक्रारीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ जोडा. जनावर ठार किंवा निकामी करणं, ५ वर्षांपर्यंत शिक्षा. इथे ५० रुपयांचा प्रश्न नाही. ठाण्यात घेतलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. १९६० च्या कायद्याखाली खटला ३ महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो, म्हणून पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. आणि रविवारी झुंज चालू असतानाच ११२ ला फोन करा, गेटवर पैसे घेत आहेत हे पहिल्या वाक्यात सांगा.